आधीच केलेली उपकारस्तुती

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या घरात झोपायच्या तीन खोल्या होत्या. एक मम्मी-पप्पांची, एक माझी आणि जिला सगळ्यांत जास्त ऊन मिळायचं ती ताईची. ताई त्या खोलीत एकदाही झोपली नाही. तरी तिथं पलंग होता, पलंगावर फुलाफुलांचं पांघरूण होतं, कपाटात रिकामे हँगर होते आणि खिडकीला मम्मीनं स्वतः शिवलेले पिवळे पडदे होते. माझ्या खोलीच्या भिंतीला हिवाळ्यात काळी बुरशी धरायची. मी दर शनिवारी ब्लीच लावून ती पुसायचे आणि दर शनिवारी तेच विचारायचे, की ताई येईपर्यंत मी तिच्या खोलीत झोपले तर कुणाचं काय बिघडणार आहे? पप्पा म्हणायचे, "आणि ती आली म्हणजे? तिला सांगायचं का, तू जा बुरशीत झोपायला?" जशी काही ती उद्याच्या गाडीनंच येणार होती. नगर सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे तेव्हा मला सतरावं लागलं होतं. एवढी वर्षं ती खोली ऊन खात बसली होती आणि शेजारी मी खोकत होते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं नाव करुणा. लहानपणी कधीतरी तिचा घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले आणि मग ती बरी झाली, असं सगळ्यांना वाटलं. तो ताप जाता जाता तिच्या हृदयाची एक झडप नासवून गेला, हे फार उशिरा कळलं. मम्मी स्वतः नर्स, तरी तिच्या लक्षात आलं नाही, आणि त्याबद्दल मम्मीनं स्वतःला कधीही माफ केलं नाही. तेव्हापासून ताईला दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन असायचं, आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर काहीतरी बोलायच्या निमित्तानं थांबायची. पप्पांना न्यूझीलंडला इंजिनिअर म्हणून यायचं जमतंय असं दिसलं तेव्हा एजंटानं सांगितलं, की मुलगी कमावती आहे, तिचं नाव अर्जात नसलेलंच बरं, नाहीतर तिच्या तब्येतीपायी सगळ्यांचंच अडेल. आधी तुम्ही जा, बस्तान बसवा, मग तिला बोलावून घ्या. ताई तेव्हा बालवाडीत शिकवायला लागली होती. ती म्हणाली, "जा की तुम्ही. मी राहते आत्याकडं." आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, एकटी राहणारी, आवाजानं आणि मनानं खणखणीत. ताई इतक्या सहज म्हणाली, की आम्ही गेलो. पुढं मला पुष्कळदा वाटलं, की तिनं थोडं रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं. भल्या माणसांना मागं ठेवून जाणं फार सोपं असतं.

घरात संध्याकाळची प्रार्थना जेवणाआधी व्हायची. हे आमचं नगरपासूनचं. एक अध्याय काढायचा आणि प्रत्येकानं आळीपाळीनं एकेक वचन वाचायचं. आधी पप्पा, मग मम्मी, मग ताई, मग मी, की पुन्हा पप्पा. नगरला या वाचनात शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मिसळायच्या, आत्या आलेली असली तर मध्येच उठून कालवणाखालचा गॅस बारीक करून यायची. लोअर हटला नुसता वारा. पत्र्याच्या छपरावरून तो असा फिरायचा, की वर कुणी पेट्या ओढतंय असं वाटावं. पप्पा वेलिंग्टनहून ट्रेननं यायचे, ओले मोजे हीटरसमोर वाळत घालायचे आणि त्या मोज्यांच्या वासातच आमची प्रार्थना सुरू व्हायची. पप्पा आपलं वचन वाचायचे, मम्मी तिचं वाचायची, मग श्वास घेऊन ताईच्या वाट्याचंही मम्मीच वाचायची, आणि मग मी. ताई समोर बसलेली आहे असंच सगळं चालायचं. पप्पांचं म्हणणं, जागा मोडू द्यायची नाही. मी शाळेत सगळं इंग्रजीत बोलायचे, घरी मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायचे, पण या वाचनानं माझी देवनागरी टिकली. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळंच, नाहीतर त्या वाचनाचं मला तेव्हा काडीचं प्रेम नव्हतं. भूक लागलेली असायची आणि माझं वचन ताईच्या वचनाच्या मागं अडकलेलं असायचं.

मम्मीला इथं नर्सची नोकरी मिळाली आणि तिच्या वाट्याला काय काम आलं, तर घरोघरी, शाळाशाळांत जाऊन मुलांना पेनिसिलीनची इंजेक्शनं देण्याचं. तोच आजार. इथल्या माओरी आणि सामोआच्या मुलांमध्ये तो फार होता. दमट घरं, एका खोलीत चारचार पोरं, घसा दुखला तर कोण डॉक्टरकडं नेतंय. मम्मी गाडीत बर्फाच्या पिशव्या आणि स्टिकरचा डबा घेऊन नाएनाए, टाईटा अशा वस्त्यांतून फिरायची, दुखऱ्या सुईआधी पोरांशी गप्पा मारायची. तिचा हात हलका म्हणून पोरं तिलाच मागून घ्यायची. परक्यांच्या लेकरांना महिन्याच्या महिन्याला टोचणारी बाई, आणि स्वतःच्या लेकीला नगरला कुठला तरी कंपाउंडर टोचतोय. मम्मी हे कधी बोलली नाही. नगरच्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र ती घरी आल्यावर हात पुन्हा पुन्हा धुवायची.

त्या हिवाळ्यात ताईच्या येण्याचं अखेर मार्गी लागलं असं दिसायला लागलं. आमच्या गावातल्या एका बालवाडीनं तिला नोकरी देऊ केली होती. कागदपत्रं गेली होती. अडलं होतं ते फक्त तब्येतीवर, आणि त्यात सूट मिळावी म्हणून एजंटानं वेगळी विनंती केली होती. एके दिवशी त्याचा फोन आला, की सगळं पॉझिटिव्ह दिसतंय, झाल्यासारखंच आहे. पप्पांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "रविवारी उपकारस्तुतीची सभा ठेवू या."

मराठी ख्रिस्ती घरांत ही पद्धत आहे. आजारातून उठलं, घर बांधलं, पोरगी पास झाली, की मंडळींना घरी बोलवायचं, गाणी म्हणायची, देवाचे उपकार मानायचे, घरच्या माणसानं उभं राहून साक्ष द्यायची आणि मग सगळ्यांनी भरपेट जेवायचं. पण हे सगळं झाल्यावर.

"अहो, कागद हातात येऊ द्या की," मम्मी म्हणाली.

"तू कागदावर विश्वास ठेव. मी देवावर ठेवतो," पप्पा म्हणाले.

पप्पा तसे गर्विष्ठ नव्हते. पण विश्वासाच्या बाबतीत त्यांना आपण इतरांहून दोन आणे जास्तच आहोत असं वाटायचं. मिळालं आहे असंच समजून माग, म्हणजे मिळेल, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ते खरं करून दाखवायची संधी त्यांना आयती चालून आली होती. समोरच्या गल्लीतल्या जोशीकाकूंना बोलावणं करायला मी आणि पप्पा गेलो. काकू पुण्याच्या, काकांच्या आयटीतल्या नोकरीमुळं इकडं आलेल्या, आणि परदेशात मराठी माणूस मिळाला की त्याची जात-धर्म न विचारता आधी चहा टाकणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण भाऊ, व्हिसा लागल्यावर करायची ना पूजा? आमच्यात नवससुद्धा काम झाल्यावर फेडतात."

"काकू, मिळाल्यावर थँक्यू कुणीही म्हणतं," पप्पा हसून म्हणाले. "त्यात विश्वास कुठं आला?"

"ते मला नाही बाई कळत. मी येईन. पण माझा श्रावण आहे, मटणाच्या पळीनं मला वाढू नका."

ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. कागद आल्यावर एकदमच सांगू, पप्पा म्हणाले, तिला सरप्राइज. तिच्या नावानं चाललेल्या सभेची खबर तिला सोडून सगळ्या हट व्हॅलीला होती.

रविवारी घर माणसांनी भरून गेलं. वेलिंग्टनकडची दोनतीन मराठी ख्रिस्ती कुटुंबं, केरळची नर्स मंडळी, चर्चमधली काही गोरी माणसं, जोशीकाका-काकू. दाराबाहेर बुटांचा आणि जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. मम्मीनं पहाटेपासून राबून मटणाचा रस्सा, पुलाव, काकूंसाठी वेगळ्या पातेल्यात बिनकांद्याची बटाट्याची भाजी आणि परातभर शिरा केला होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं पावलोवा आणली, म्हणजे इकडचा अंड्याच्या पांढऱ्याचा केक, वर क्रीम आणि किवीचे काप घातलेला, आणि ती शिऱ्याच्या शेजारी पाहुणीसारखी अवघडून बसली होती. गाणी झाली. पप्पा हार्मोनियमवर बसले, त्यांचा आवाज त्या दिवशी लागला होता. मग ते उठून उभे राहिले. त्यांनी ताईच्या खोलीचं दार सगळ्यांसमोर उघडलं. नवं पांघरूण, पिवळे पडदे, पलंगाशेजारी नव्या चपला. "मी तुमच्यासमोर साक्ष देतो," पप्पा म्हणाले, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, "की माझी करुणा आली आहे. डोळ्यांना दिसत नसली तरी आली आहे, आणि त्याबद्दल मी देवाचे उपकार मानतो." सगळे आमेन म्हणाले. काही बायका रडल्या. मीही म्हणाले आमेन, अगदी मनापासून, कारण मला ते खरंच वाटलं. मी नव्या चपलांकडं बघत होते आणि ताईचे पाय केवढे होते ते आठवत होते. मम्मी तेवढी गॅसकडं बघत होती.

नकार आला तेव्हा मम्मी बोंबील तळत होती. सुकट-बोंबलाचा वास पडद्यांत बसतो म्हणून ती एरवी दारं-खिडक्या उघडून तळायची, पण त्या दिवशी वारा फार होता. फोन पप्पांनी घेतला. "अच्छा," ते म्हणाले. मग पुन्हा, "अच्छा, ठीक आहे. थँक्यू." थँक्यू कशाबद्दल म्हणाले, कुणास ठाऊक. सवय. झडपेचं ऑपरेशन कधीतरी लागणारच, त्याचा भार इथल्या दवाखान्यांवर पडणार, म्हणून सूट नाही. नियम सरळ होता आणि त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, हेच जास्त लागलं. चिडायला माणूसच नव्हता. मम्मीनं गॅस बंद केला. बोंबील कढईत तसेच तेल पीत राहिले आणि त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थना न करता जेवलो, म्हणजे जेवलोच नाही.

मग सांत्वनाला माणसं आली. जी उपकारस्तुतीला आली होती त्यांतलीच. त्यांना यायलाच हवं होतं, रस्सा खाल्ला होता. एक जण म्हणाला, देवाची यात काहीतरी योजना असेल. दुसरा म्हणाला, जे होतं ते चांगल्यासाठीच. मला विचारायचं होतं, कुणाच्या चांगल्यासाठी? तुमच्या? कारण तुमच्या तर चारही पोरी इथंच आहेत, घरात, हीटरजवळ. एक बाई, देव तिचं भलं करो, मम्मीचा हात हातात घेऊन म्हणाली, "विश्वासात कुठंतरी कमी राहिली असेल हो. आपण तपासायला हवं स्वतःला." मम्मी म्हणाली, "चहा घ्या, निवतोय." या वाक्यांनी माझ्या मनात जी आढी बसली ती अजून पुरती गेलेली नाही. आजही कुणाच्या घरी दुःख झालं आणि कुणी योजना हा शब्द काढला, की मी उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला जाते. जोशीकाकू एकट्या अशा आल्या, की डब्यातून मुगाची खिचडी आणली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला काही बोलता येत नाही. गरम आहे तोवर खाऊन घ्या." आधी सांगितलं होतं ना, असं त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत.

पप्पांना लेकीच्या दुःखाइतकंच दुसरं एक लागलं होतं, आणि ते बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. "मी खोटी साक्ष दिली," ते म्हणायचे. ट्रेनला निघताना, बूट घालताना, मध्येच. "देवाच्या नावानं, चारचौघांत उभा राहून खोटी साक्ष दिली. आता मानलेले उपकार परत कसे घ्यायचे?" त्यांनी शास्त्र, म्हणजे घरचं बायबल, उचलून वरच्या फळीवर ठेवलं. आपल्या तोंडाला ते शोभत नाही, म्हणाले. हार्मोनियमवर चादर गेली. ताईच्या खोलीचं दार बंद झालं. पप्पा कामावरून आले की टीव्हीसमोर रग्बी लावून बसायचे, त्यांना त्यातला एक नियम कळत नव्हता. मला वाटलं होतं, प्रार्थना बंद झाली की मला बरं वाटेल, लवकर जेवायला मिळेल. लवकर मिळायचं. पण सात वाजता त्या घरात जी शांतता पसरायची ती सहन व्हायची नाही. मीही एकदा पप्पांना म्हणाले, इंग्रजीत, कारण असलं बोलायला मला इंग्रजीच सोपं जायचं, की तुमच्या देवानं सगळ्यांसमोर आपला पोपट केला. पप्पा रागावले नाहीत. "हो," म्हणाले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

ताईला सांगितलं मम्मीनं. फोनवर ताई म्हणाली, "बरं." मग मम्मीनं सभेचंही सांगून टाकलं, रस्सा, शिरा, उघडलेलं दार, सगळं. ताई हसली. पण पुढं जे बोलली ते हसून बोलली नाही. "मम्मी, तुम्ही माझी उपकारस्तुती केलीत आणि मला साधा फोन केला नाहीत?"

हे सगळं झालं तेव्हा वसंत सुरू व्हायला हवा होता, पण लोअर हटमध्ये वसंत म्हणजे आणखी वारा. एका गुरुवारी मम्मीनं मला शाळेतून घेतलं आणि घरी जाता जाता नाएनाएच्या एका घरी थांबली, तिथल्या सीनाचं इंजेक्शन राहिलं होतं. सीना सामोआच्या घरातली, माझ्याहून लहान, तिच्याही झडपेचं तेच दुखणं. मी गाडीतच बसले. जरा वेळानं एक धिप्पाड म्हातारी दारात आली, खांद्यावर फुलाफुलांचा टॉवेल, आणि मला हाक मारून म्हणाली, की आत ये, गाडीत गारठून मरशील. ती सीनाची आजी. घरात सगळे तिला नाना म्हणायचे. आमच्याकडं नाना म्हटलं की धोतरातले काका डोळ्यांसमोर येतात, त्यामुळं मला हसू आलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आत जमिनीवर चटया अंथरल्या होत्या, नारळाच्या दुधात शिजलेल्या कशाचा तरी वास येत होता, आणि लहानमोठी सगळी जणं गोल करून बसायला लागली होती. सीना कमरेवर बर्फाची पिशवी धरून पालथी पडली होती. ही त्यांची संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ होती. आमच्यासारखीच, जेवणाआधी. एकानं वाचलं, मग सगळ्यांनी गायलं. पेटी नाही, काही नाही, नुसते गळे, आणि ते छोटं घर त्या आवाजानं काठोकाठ भरून गेलं. मग नाना प्रार्थना करायला लागली, सामोआच्या भाषेत. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मध्येच सीनाचं नाव आलं आणि त्याला लागून दुसरं नाव आलं, करुणा.

मी मम्मीकडं बघितलं. तिनं कधीतरी इंजेक्शन देता देता सांगितलं होतं म्हणे, की माझ्याही लेकीला हेच आहे. नानानं नाव विचारून घेतलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी या घरात सीनाच्या जोडीनं करुणेचं नाव घेतलं जात होतं. आमच्या घरात बंद पडलं होतं, इथं चालूच होतं.

मम्मीनं प्रार्थना मध्येच तोडली. "नाना, ती येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं."

नानानं डोळे उघडले. आता ती योजना म्हणणार, म्हणून मी दात आवळून बसले. नाना म्हणाली, "आउए!" आणि तळहात जमिनीवर जोरात आपटला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, कधीही न बघितलेल्या मुलीसाठी. "दॅट्स नॉट राइट," ती म्हणाली, "नॉट राइट, ए." मग तोंड वर करून ती तिच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली, चांगलंच चढ्या आवाजात. मी सीनाला हळूच विचारलं, काय म्हणतायत?

सीना पालथ्या पालथ्याच म्हणाली, "शी इज टेलिंग हिम ऑफ."

देवाला झापत होती. माझ्या आयुष्यात मी असलं काही ऐकलं नव्हतं. आमच्या घरात देवाशी नेहमी इस्त्रीचे कपडे घातल्यासारखं बोललं जायचं. तिचं झापून झालं, नाक पुसून झालं, आणि तिनं पुन्हा डोळे मिटून सीनाचं आणि करुणेचं नाव घेतलं. मम्मी म्हणाली, "नाना, आता राहू द्या. आता गरज नाही."

"बरी झाली का ती?" नानानं विचारलं.

"नाही."

"मग थांबायचं कशाला?"

मम्मी तिथं चटईवर बसून रडली. फोन आल्यापासून ती रडलेली मी बघितली नव्हती. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. देव कुठं असतो, असं मला कुणी विचारलं तर माझ्याजवळ मोठं उत्तर नाही. पण त्या घरात, त्या आपटलेल्या तळहाताच्या आसपास तो होता, याची मला तेव्हाही खात्री वाटली आणि तेव्हाही त्याचा रागच आला. इथं होतास तर त्या व्हिसाच्या कचेरीत का नव्हतास? गाडीत मम्मी म्हणाली, "आपण इतकी वर्षं व्हिसासाठी प्रार्थना करत होतो गं. पोरीसाठी करायची राहूनच गेली."

हे काही गोड शेवटाकडं चाललेलं नाही, आधीच सांगते. ताई कधीच आली नाही. पुढं पुण्यात तिची झडप बदलली, ती जगली, अजून आहे, अजून नगरलाच शिकवते. तिच्या ऑपरेशनच्या वेळी मम्मी तिच्या उशाशी पोचली, पप्पांना रजा मिळाली नाही. आणि पप्पांच्या मातीला ताई येऊ शकली नाही. माझी भाची-भाचे म्हणून जे कुणी असायचे ते झालेच नाहीत, आणि त्या पिवळ्या पडद्यांच्या खोलीत पुढं आम्ही इस्त्री करायचो. या गोष्टींचा हिशेब मला लागलेला नाही आणि लावून देणाऱ्यांचा मला विश्वास वाटत नाही.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी मात्र एक झालं. सात वाजता मम्मीनं खुर्चीवर चढून वरच्या फळीवरून शास्त्र काढलं, टीव्ही बंद केला आणि एक स्तोत्र उघडलं, देवाला तोंडावर विचारणारं, की तू असा दूर का उभा राहतोस. असलं स्तोत्र आम्ही कधी घरच्या वाचनाला घेत नसू. पप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. "पहिलं वचन यांचं," मम्मी मला म्हणाली, "ते राहू दे बाजूला." तिनं दुसरं वाचलं, आपलं. मग तिसरं आलं, ताईचं. मी वाट बघत होते, की ती नेहमीसारखा श्वास घेईल आणि तेही वाचेल. तिनं नाही वाचलं. ती उठली, फ्रिजवरचं संपत आलेलं फोनकार्ड घेतलं आणि तो लांबलचक नंबर फिरवला. स्पीकरवर घंटी वाजली. तिकडं दुपार होती. आत्यानं फोन उचलला, मागं कुकर होता, कुणीतरी भंगार मागत गल्लीतून चाललं होतं.

"करुणाला दे," मम्मी म्हणाली. "करुणा, स्तोत्र काढ." तिनं आकडा सांगितला. "तिसरं वचन तुझं आहे. वाच."

"आत्ता?"

"आत्ता. तुझ्या वाट्याचं मी वाचणार नाही इथून पुढं."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग ताई वाचायला लागली. वचनाच्या मध्यावर, जिथं स्वल्पविरामसुद्धा नव्हता, तिथं ती थांबली. श्वास घेतला. फोनवर तो स्पष्ट ऐकू आला, वरवरचा, घाईचा. मग उरलेलं वाचलं. मम्मी इतकी वर्षं ताईचं वचन एका दमात वाचत आली होती. ताईचं एका दमात होतच नव्हतं. ती आमच्यात बसलेली आहे असं धरून चालताना आम्ही तिचा तो श्वास विसरून गेलो होतो.

"पण पहिलं कुणी वाचलं?" ताईनं विचारलं. "पप्पा नाहीत का?"

पप्पा खिडकीकडंच बघत म्हणाले, "मी खोटी साक्ष दिली, बेटा. तुझ्या नावानं."

"हो, दिलीत," ताई म्हणाली. तिनं त्यांना सोडलं नाही. "आता खरं वाचा. पहिलं वचन तेच आहे बघा. तुमचंच आहे."

पप्पा उठले. मम्मीच्या हातातलं शास्त्र त्यांनी घेतलं, चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं आणि वाचलं. तो प्रश्न त्यांनी वाचला तसा मी कुणालाही वाचताना ऐकलेलं नाही. हार्मोनियमवरचा तो आवाज नव्हता. फाटका आवाज होता, आणि विचारत होता.

"आता तू," ताई मला म्हणाली. मी वाचणार नाही असं मनाशी ठरवलेलं होतं. पण तिकडं ती थांबली होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी चौथं वचन वाचायला घेतलं. रागानंच वाचलं. अर्ध्यावर फोनकार्डाची रेकॉर्ड केलेली बाई बोलली, की पैसे संपले, आणि फोन कट झाला. मी थांबले. पप्पा म्हणाले, "पूर्ण कर." मी पूर्ण केलं. पाचवं पप्पांनी वाचलं, सहावं मम्मीनं.

मग सातवं आलं. ते ताईचं होतं. मम्मीनं शास्त्र मांडीवर ठेवलं आणि कुणी काही वाचलं नाही. तिकडं ती वाचत असणार, हे मला माहीत होतं. कसं, ते विचारू नका. आम्ही थांबलो. तिला लागेल तेवढा वेळ, मधल्या श्वासासकट. छपरावर वारा फिरत होता. मग मी आठवं वचन वाचलं.